डावा खांदा आणि वाकडी दांडी

औषधांच्या दुकानात लपायचं म्हटलं तर जागाच नसते. एका बाजूला वजनकाटा आणि दुसऱ्या बाजूला टूथपेस्टच्या जाहिरातीचा पुठ्ठ्याचा माणूस... चांगला माणसाएवढा उंच, बत्तीशी काढून हसणारा. मी त्याच्या मागे स्कार्फ नाकापर्यंत ओढून उभी होते आणि माझे बाबा माझ्यापासून चार हातांवर, काउंटरपाशी.

बाबा काहीतरी पुटपुटले. काउंटरमागच्या तरुणाने आतून एक चपटं खोकं आणून खाकी पिशवीत घातलं. तो काही सांगायला तोंड उघडतोय न उघडतोय, तोवर बाबांनी पिशवी खिशात कोंबली आणि दुकानाबाहेर पडलेसुद्धा! माझे बाबा शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. आख्खी शाळा त्यांना शिट्टीसर म्हणते. त्यांची हाक मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जाते. असा माणूस पुटपुटतो? तेही घराजवळची दोन दुकानं सोडून, इतक्या लांबच्या दुकानात येऊन? नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

ते कुठे वळतात हे बघायला मी वाकले आणि पुठ्ठ्याचा माणूस माझ्यासकट आडवा झाला.

"अरेरे," काउंटरमागून आवाज आला, "लागलं नाही ना त्याला?"

"मला लागलं का ते विचारा आधी!"

"तुम्ही उठलात. तो अजून पडलाय."

मी त्या हसऱ्याला उभा केला, स्कार्फ खाली ओढला आणि तरातरा काउंटरपाशी गेले. जवळून बघितलं तर हाही हसत होता, पण फक्त डोळ्यांनी. चष्मा नाकावर तिरका. डावी दांडी बाहेर फाकलेली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे माणसाआधी मला त्याची फ्रेम दिसते. माझा नाइलाज आहे.

"आत्ता गेले ते काय घेऊन गेले?"

"औषध."

"कसलं?"

"औषधांच्या दुकानात मिळतं तसलं."

"मी मुलगी आहे त्यांची!"

"मुली बापाबरोबर येतात. पुठ्ठ्यामागून नाही." मग त्याचा आवाज जरा मऊ झाला. "त्यांनाच विचारा ना."

"ते सांगत नाहीत म्हणून तर..."

"मग मी कसं सांगू? माणसाचं औषध त्याचं खासगी असतं. उद्या तुमचं कुणी विचारायला आलं तरी मी सांगणार नाही."

"मला काही झालेलं नाही!"

"तेही सांगणार नाही."

असा राग आला म्हणून सांगू! मी जाता जाता वळून म्हटलं, "चष्मा सरळ करून घ्या. रस्त्यापलीकडे, दोन गल्ल्या सोडून दुकान आहे आमचं. वाकड्या चष्म्यातून जग वाकडंच दिसतं."

"मला तर आत्ता बरं दिसतंय," तो म्हणाला.

त्या क्षणी मी त्याचं नाव ठेवलं... कुलूप.

*

आता घरातली गोष्ट सांगते, म्हणजे मी हेरगिरी का करत होते ते कळेल.

आधी बाबा नुसते दमायचे. शाळेतून आले की खुर्चीतच डुलक्या. मग चिडचिड सुरू झाली... भाजी गरम का, पंखा हळू का, मी हसले तर का हसले. दरवर्षी ते मुलांसमोर दोरावरून सरसर वर चढून दाखवतात. या वर्षी म्हणे अर्ध्यातून खाली आले. घरी कुणाशी एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशी जेवलेही नाहीत. आम्ही म्हटलं, वय झालं आता, चालायचंच.

पण मग त्यांनी जे सुरू केलं ते काही वयाचं नव्हतं. सकाळी बाथरूममध्ये जायचं, कडी लावायची, किती वेळ बाहेर यायचंच नाही. उकाडा असो नाहीतर काही असो, शर्ट गळ्यापर्यंत बंद. हात सारखे धुवायचे. टॉवेल वेगळा, तोही स्वतः धुणार. आणि एके रात्रीपासून हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला लागले. "पाठीला बरं वाटतं," म्हणे. त्या सोफ्याने आजवर कुणाच्या पाठीचं बरं केलेलं नाही.

आणि खांदा... बाबांचा डावा खांदा माझा होता, लहानपणापासून. शाळेत मार खाल्ला, परीक्षेत नापास झाले, पहिल्या नोकरीतून काढलं, काहीही होवो, बाबांशेजारी बसायचं आणि तिथे डोकं टेकायचं. त्या दिवशी मी अशीच टेकायला गेले, तर ते चटका बसल्यासारखे उठले. म्हणाले, "लांब बस!"

मी मोठी बाई आहे, कमावते. तरी आत जाऊन रडले.

आई घरी केक करून दुकानांना देते. तिचं नाक म्हणजे नाक आहे, ओव्हन उघडायच्या आधी आत काय बिनसलंय ते सांगते. तिने बाबांच्या शर्टाची कॉलर हुंगली. "अत्तर नाही," ती म्हणाली. "दारूही नाही. दोन्हीच्या मधलं काहीतरी." त्यातच समोरच्या काकूंनी बातमी आणली की सर कुठल्याशा इमारतीच्या पायऱ्यांवर एका बाईशी बोलत होते. आखूड केस, देखणी, ती हसत होती आणि सर मान खाली घालून उभे.

"मान खाली?" आई म्हणाली. "माझ्यासमोर या माणसाने कधी मान खाली घातली नाही."

तिने बाबांना सरळ विचारलं. बाबा म्हणाले, "काही नाही. तू झोप." एवढंच! दुसऱ्या दिवशी आईने माळ्यावरची बॅग काढली आणि मामाला फोन केला, रविवारी गाडी घेऊन ये.

"भांड ना त्यांच्याशी," मी म्हटलं. "आरडाओरडा कर, कप फोड!"

"भांडायला समोर माणूस लागतो गं," ती तिच्या आवडत्या निळ्या चादरीची घडी घालत म्हणाली. "हा तर शेजारी बसेनासा झालाय."

रविवारी माझं घर मोडणार होतं, आणि ते का मोडतंय हे ज्याला ठाऊक होतं तो कुलूप ताकास तूर लागू देत नव्हता.

*

मी पुठ्ठ्यासकट पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो आमच्या दुकानात आला.

मला लगेच संशय आला. इतक्या लगबगीने? मी काही न बोलता त्याचा चष्मा काढून घेतला, दांडी गरम हवेवर धरली, मऊ झाल्यावर हळूच वळवली. चष्मा नसला की माणसाचा चेहरा उघडा पडतो. त्याचे डोळे मोठे होते, पापण्या दाट... आणि तो माझ्याकडे बघत होता, म्हणजे माझ्या दिशेने.

"दिसतंय का काही?"

"धूसर. पण रागावलेलं आहे हे कळतंय."

मी चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला. दांडी कानामागे नीट बसली का ते बोटांनी बघावं लागतं, ते कामच आहे आमचं. दिवसाकाठी कितीतरी कानांमागे बघते मी. त्या कानामागे मात्र बोट जरा जास्त थांबलं.

"बाई आहे का?" मी हळूच विचारलं.

"कुठे?"

"बाबांच्या आयुष्यात! मान तरी हलवा."

"मान हलवली की चष्मा वाकडा होतो. आत्ताच सरळ केलात ना तुम्ही?"

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. चष्मा पुन्हा वाकडा, तीच डावी दांडी. "झोपेत अंगाखाली आला," म्हणाला. मी पुन्हा सरळ केला, पुन्हा उलटतपासणी. मी त्याला कुलूप म्हणायचे, तो मला इन्स्पेक्टर. त्याने मला त्याच्या आईबद्दल सांगितलं, दुकानावर राहणाऱ्या मांजरीबद्दल सांगितलं, लहानपणी कडू गोळ्या कुंडीत पुरायचा तेही सांगितलं. बाबांबद्दल चकार शब्द नाही! तो गेला की मी मनात त्याला शिव्या द्यायचे आणि दाराकडे बघत बसायचे. तिसऱ्यांदा आला तेव्हा मला माझ्याच मनाचा संशय यायला लागला.

पण म्हटलं, असा गोड बोलणारा माणूस सगळ्याच गिऱ्हाइकांना "मला तर बरं दिसतंय" म्हणत असणार. खात्री करायला नको? म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी त्याच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले. पाऊस भुरभुरत होता. काचेतून तो दिसत होता... एका आजीबाईंना गोळ्या समजावत होता. सकाळची ही, रात्रीची ती. त्या विसरल्या की पुन्हा पहिल्यापासून. मग त्याने पिशवीवर सूर्य काढला आणि दुसरीवर चांदोबा. आजी त्याच्या गालाला हात लावून गेल्या. मी उगाचच माझ्या गालावरचं पाणी पुसलं.

तेवढ्यात तो छत्री उघडून सरळ रस्ता ओलांडून माझ्याकडेच आला.

"आज कुणावर पाळत, इन्स्पेक्टर?"

"मी बसची वाट बघतेय."

"इथे बस थांबत नाही."

"म्हणूनच इतका वेळ लागतोय!"

तो हसला, या वेळी तोंडभर. छत्री माझ्या डोक्यावर धरली, स्वतः निम्मा बाहेर. त्याचा एक खांदा भिजत होता. तो खांदा बघितला आणि काय झालं कोण जाणे, माझे डोळे भरून आले.

"परवा आई घर सोडून चाललीय," मी म्हटलं. "तुम्ही गप्प बसा, बसाच गप्प! बाबा हॉलमध्ये झोपतात. टॉवेल वेगळा. आईला बोट लावू देत नाहीत. मी खांद्यावर डोकं ठेवायला गेले तर 'लांब बस' म्हणाले... मला! एवढं काय पाप केलंय आम्ही?"

त्याचं हसू मावळलं. चेहरा पार उतरला.

"हॉलमध्ये? रोज?" तो म्हणाला. "अजिबात जवळ येऊ देत नाहीत? संध्याकाळी आंघोळ झाल्यावरही नाही?"

"आंघोळीचा काय संबंध?"

त्याने जीभ चावली. "काही नाही," म्हणाला, छत्री माझ्या हातात कोंबली आणि पावसातून धावत सुटला... दुकानाकडे नाही, भलत्याच दिशेला. दुकान उघडं टाकून!

मी छत्रीखाली उभी. म्हणजे हाही सामील होता. नक्कीच. 'काही नाही' म्हणणारे पुरुष सगळे एका माळेचे मणी. मी त्याची छत्री रस्त्यातच फेकून देणार होते. मग मिटली आणि घरी आणली.

*

रविवारी मामा खाली गाडीत बसला होता. वर यायला तयार नव्हता, त्याला भांडणं सोसत नाहीत. आईने बॅगेची चेन लावली. ओव्हन पुसला, गॅस बंद आहे ना ते बघितलं, मला म्हणाली, "फ्रिजमध्ये दोन दिवसांचं आहे." आवाज अगदी सरळ होता. तिचा आवाज असा सरळ लागला की मला भीती वाटते.

दार उघडलं. बाबा आत आले. केस ओले, अंगाला साबणाचा वास, शर्टाचं वरचं बटण चक्क उघडं. आणि त्यांच्यामागे उंबऱ्याबाहेर चोरासारखा उभा... कुलूप!

"तुम्ही?" मी किंचाळले.

"मी आत येणार नाही," तो म्हणाला. "सरांनी बोलावलं म्हणून फक्त."

बाबा आईसमोर उभे राहिले. मैदान दणाणून सोडणारा माणूस... गळ्यातली शिट्टी हातात घेऊन नुसती फिरवत राहिले.

"अगं... मी रक्त तपासलं होतं. सकाळी, उपाशीपोटी, दोनदा. ते शरीरात असतं ना... पुरुषांचं... हार्मोन. ते माझ्यात फार कमी निघालं. वयाने थोडं कमी होतंच म्हणे, पण माझं नको इतकं कमी. म्हणून ते दमणं, ती चिडचिड, झोप नाही... आणि..." ते थांबले. "आणि बाकीचंही. तुला माहितीये."

आईने बॅग पायाने बाजूला सारली.

"डॉक्टर बाई आहेत. त्यांनी एक जेल दिलंय, रोज सकाळी खांद्यांना चोळायचं. स्पिरिटसारखा वास येतो त्याला."

"आखूड केसांच्या?" आईने विचारलं.

"काय?"

"डॉक्टर. देखणी आहे म्हणे."

"मी बघितलं नाही," बाबा म्हणाले. "मी पूर्ण वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होतो."

मला हसू फुटणार होतं, पण आईचा चेहरा बघून गिळलं.

"मग हे लांब बसणं कशाला?" आई म्हणाली. "हॉलमध्ये झोपणं? पोरीला हाकलणं?"

"तूच सांग रे बाबा," बाबांनी मागे वळून त्याला सांगितलं. "मला जमत नाही."

परवानगी मिळाल्यावरच कुलूप उघडलं. "काकू, ते जेल बायकांच्या, मुलांच्या अंगाला लागलं तर त्रास होऊ शकतो. नको तिथे केस येतात, तब्येत बिघडते. म्हणून मी सरांना सांगायला गेलो, कुणाला लागू देऊ नका... आणि पुढचं सांगायच्या आत सर निघून गेले. दर वेळी. हाक मारेपर्यंत पाठ दिसायची. पुढचं एवढंच होतं... वाळू द्या, वरून शर्ट घाला, हात धुवा आणि कुणाला जवळ घ्यायचं असेल तर आधी खांदे साबणाने धुवा. बस्स."

"मला वाटलं, कायमचंच लांब राहायचं," बाबा म्हणाले. "तुला दाढीमिशा आल्या असत्या तर कुठल्या तोंडाने..."

नियम म्हटला की बाबांना तो पाळायचा एवढंच कळतं. आयुष्यभर मुलांना हेच शिकवलंय. अर्धा नियम ऐकला आणि तोच पाळत बसले, महिनोन् महिने, त्या मेल्या सोफ्यावर!

आईचा आवाज आता चढला, आणि मला इतकं बरं वाटलं.

"माझी पाळी जात होती तेव्हा रात्री घामाने निथळायचे मी, आठवतंय? उशाशी पंखा घेऊन कोण बसलं होतं? मी कारण नसताना रडायचे, तुमच्या अंगावर ओरडायचे... मी लपवलं होतं का तुमच्यापासून?"

"तुझं वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? माझं शरीर म्हातारं झालेलं चालतं आणि तुमचं झालं की जगबुडी? मला वाटलं बाई आहे! मी बॅग भरली हो... बाई असती तर निदान भांडले असते तिच्याशी!"

बाबांचे डोळे भरले. "मला लाज वाटली गं. दोरावर हात सुटला ना, तेव्हापासून वाटत होतं, आता मी कुणाच्याच कामाचा नाही."

खाली मामाने हॉर्न वाजवला. कुणी लक्ष दिलं नाही. आई हळूहळू चालत गेली आणि बाबांच्या पुढ्यात उभी राहिली. नाक वर करून एकदा वास घेतला.

"खांदा धुतलाय?"

"दोनदा. साबणाने."

"मग खाली बसा. हात पोचत नाही माझा."

बाबा सोफ्यावर बसले. आई शेजारी बसली आणि तिने डोकं टेकलं, डाव्या खांद्यावर. माझ्या जागेवर! मी म्हटलं, असू दे आजच्या दिवस. आणि दार ओढून बाहेर आले.

*

तो जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. चष्मा वाकडा. तीच डावी दांडी.

"त्या दिवशी धावलात कुठे?"

"शाळेत. सर मैदानावर होते. कालही गेलो. आज सकाळी कुठे तयार झाले." तो खाली बघत म्हणाला. "तुम्हाला सांगता येत नव्हतं. फार वाईट वाटत होतं, खरंच. पण ते त्यांनीच सांगायला हवं होतं."

"कळलं मला," मी म्हटलं. आणि खरंच कळलं होतं. इतके दिवस ज्याच्यासाठी त्याला शिव्या दिल्या, त्याच गोष्टीसाठी आता त्याचा हात धरावासा वाटत होता. पण मी पडले संशयी. मी त्याचा चष्मा काढून घेतला, उजेडात धरला.

"झोपेत अंगाखाली येतो म्हणालात ना?"

"हो... म्हणजे..."

"अंगाखाली आलेली दांडी बिजागरीशी वाकते. ही मधोमध वाकलीय. इथे अंगठ्याने दाब पडलाय. दर वेळी इथेच." मी त्याच्यापुढे चष्मा नाचवला. "हा चष्मा कुणीतरी मुद्दाम वाकवतंय. कोण ते?"

त्याचे कान लाल झाले. चष्म्याशिवाय त्याला धड काही लपवताही येत नव्हतं.

"ते... खासगी आहे."

"कुलूप!"

"बरं, सांगतो. वाकल्याशिवाय तुमच्याकडे यायला कारण नव्हतं, इन्स्पेक्टर. आणि पहिल्या दिवसापासून यायचंच होतं. तुम्ही मला आवडता. पुठ्ठ्यासकट."

मी तोंडाला येईल ते बोलले. "असं किती जणींना सांगितलंस?"

सांगितलंस... तोंडातून निघून गेलं. त्याने ऐकलं. मी काही ते परत घेतलं नाही.

"एकीलाच," तो म्हणाला. "ती विश्वास ठेवत नाही."

"ठेवेल. हळूहळू. खात्री करून." मी त्याचा चष्मा घडी घालून माझ्या पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. "हा आता दुकानात राहणार. दांडीच बदलावी लागेल."

"अगं, पण मला दिसत नाही! हा जिना कसा उतरू? घरी कसा जाऊ?"

"कुणीतरी हात धरून न्यावं लागेल."

त्याने लगेच हात पुढे केला, अगदी अचूक, माझ्या हातापाशी. धूसर दिसणाऱ्या माणसाच्या मानाने जरा जास्तच अचूक. मला दाट संशय आला की हेही त्याने आधीच ठरवलं होतं.

तरी मी हात धरला.